एकशे दहा मिनिटांचा पाहुणा

मराठी विभागासाठी लेख मागायला मॅडम वर्गात आल्या, तेव्हा "कॉन्व्हेंटवाल्यांनीसुद्धा लिहायला हरकत नाही हं!" असं म्हणून त्यांनी नेमकं माझ्याकडे बघितलं. आता या पानांवर दरवर्षी काय येतं ते तुम्हाला माहीतच आहे. मेसची पोळी, पहिला बॅकलॉग, हॉस्टेलच्या गच्चीवरचा पाऊस, आणि कुणीतरी केलेली 'ती' नावाची कविता. हे सगळं मीही आवडीने वाचते. पण यंदा माझ्या डोक्यात वर्षभर एकच गोष्ट घोळते आहे आणि ती म्हणजे एक अणू. फ्लोरिन-१८. केमिकलची मुलगी आहे, समजून घ्या!

या अणूची ओळख मला क्लासरूममध्ये झाली नाही. ती करून दिली माझ्या मोठ्या आईने, म्हणजे मोठ्या बाबांच्या बायकोने. वणीला आमचं एकत्र घर. माझी शाळा इंग्रजी, घरात मात्र मोठ्या आईचं राज्य. मला बाराखडी तिने उन्हाळ्याच्या सुट्टीत पाटीवर शिकवली, नाहीतर आज हा लेख तुमच्यापुढे नसता. तर या मोठ्या आईला दोन वर्षं जेवण झालं की तोंड लाल व्हायचं, पोट बिघडायचं. कुणी ॲसिडिटी म्हणालं, कुणी वयाचं म्हणालं. शेवटी सीटी स्कॅनमध्ये लिव्हरवर डाग दिसले, बायोप्सी झाली आणि कागदावर शब्द आला 'न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर'. घरात तो शब्द कुणालाच धड उच्चारता येईना. डॉक्टरांनी दोन स्कॅन लिहून दिले. पहिला साखरेचा पेट स्कॅन, तो नागपुरात. दुसऱ्याचं नाव 'डोटा', तो मुंबईला, कारण ऑपरेशनचा सल्लाही तिथेच घ्यायचा होता.

मी हॉस्टेलला असल्यामुळे पहिल्या स्कॅनला सोबत जायचं काम माझ्याकडे आलं. मागच्या जानेवारीतली गोष्ट. मोठी आई आदल्या रात्रीपासून उपाशी, मानेवाड्याला आत्याकडे मुक्काम, सकाळी आठला सेंटरवर हजर. तिथे सहा पेशंट ओळीने बसलेले आणि सगळे उपाशी. औषध बाहेरगावाहून विमानाने यायचं होतं आणि धुक्यामुळे विमान उशिरा. एक तास गेला, दोन तास गेले. अखेर डबा आला तो शिशाचा, हातात घेणाऱ्याचा खांदा वाकेल इतका जड. टेक्निशियनने आत जाऊन मोजलं आणि बाहेर येऊन सांगितलं, "आज तिघांचंच होईल. बाकीच्यांनी परवा या." मोठी आई पाचव्या नंबरवर होती.

मी भांडायच्या तयारीत होते. औषध आलंय, बाटली फुटलेली नाही, मग तिघांचंच का? त्या माणसाने शांतपणे एक कागद पुढे केला. त्यावर वेळ आणि त्यापुढे आकडे. प्रत्येक ओळीला आकडा घसरत गेलेला. ते पाहिलं आणि माझा आवाज खाली आला. कारण तो कागद म्हणजे आपण तिसऱ्या सेमिस्टरपासून घोकत आलेलं फर्स्ट ऑर्डर समीकरणच होतं.

फ्लोरिन-१८ची हाफ-लाइफ साधारण ११० मिनिटं. (मराठीत याला अर्धायुष्यकाल म्हणतात, पण तो शब्द ऐकला की मला उगाच कुंडली आठवते, म्हणून आपण हाफ-लाइफच म्हणू.) दर ११० मिनिटांनी हातातला माल अर्धा. समजा एका पेशंटला १० मिलीक्युरी द्यायची आहे. कारखान्यातून निघून, विमानतळ, विमान, पुन्हा विमानतळ, रिंग रोडचं ट्रॅफिक असं करत साडेपाच तास लागले, तर तीन हाफ-लाइफ गेल्या. म्हणजे तिकडून निघताना त्या एका पेशंटसाठी ८० मिलीक्युरी भरावी लागणार. त्यात विमान दोन तास लेट झालं की उरलेल्यातलाही अर्ध्याहून जास्त हवेतच संपला. सहा माणसांचा स्वयंपाक तीन माणसांवर आला. यात भांडायचं कुणाशी? धुक्याशी?

परवा पुन्हा गेलो, तेव्हा सगळं वेळेवर झालं. आधी रक्तातली साखर तपासली, मग इंजेक्शन, मग अंधाऱ्या खोलीत तासभर गप्प पडून राहायचं. बोलायचं नाही, चघळायचं नाही, कारण ज्या स्नायूला काम पडेल तो साखर ओढतो आणि फोटोत उगाच चमकतो. मोठी आई आणि तासभर गप्प! आत जाता जाता ती म्हणालीच, "काय वं बाई, साखरच टोचणार होते त घरूनच चहा पिऊन आली असती ना मी!"

तिचं म्हणणं विनोदी असलं तरी चुकीचं नव्हतं. ते इंजेक्शन खरोखर साखरेचंच असतं, एफडीजी. ग्लुकोजच्या दुसऱ्या कार्बनवरचा ओएच काढून तिथे फ्लोरिन-१८ बसवलेला. पेशीला फरक कळत नाही. ती ग्लुकोज समजून आत घेते, त्यावर फॉस्फेट लावते आणि पुढच्या पायरीवर अडकते. साखर ना पुढे जात, ना बाहेर. भुकेल्या पेशीत ती साठत राहते. मग फ्लोरिनमधून पॉझिट्रॉन निघतो, जवळच्या इलेक्ट्रॉनशी गाठ पडते, दोघेही नाहीसे होतात आणि अगदी विरुद्ध दिशांना ५११ केईव्हीचे दोन गॅमा किरण जातात. भोवतीची कडी ते दोन्ही एकाच क्षणी पकडते आणि त्या रेषेवर कुठेतरी साखर आहे हे कळतं. अशा लाखो रेषा जोडल्या की चित्र तयार.

गंमत म्हणजे या औषधाचा विमानाशी संबंध जन्मापासूनचा आहे. १९७६ मध्ये पहिलं एफडीजी अमेरिकेत ब्रुकहेव्हनच्या प्रयोगशाळेत तात्सुओ इदो या जपानी रसायनशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी बनवलं आणि ते विमानाने फिलाडेल्फियाला नेऊन तिथे माणसाला दिलं गेलं. बनवायला दोन तास आणि हाती येणारं यील्ड जेमतेम ८ टक्के. आपल्या लॅबमध्ये एवढं यील्ड आलं तर सर जर्नलवर सही करणार नाहीत! दहा वर्षांनी, १९८६ मध्ये जर्मनीतल्या युलिश इथे हामाखर आणि मंडळींनी दुसरी रीत काढली आणि यील्ड पन्नासच्या वर नेलं. आज जगभर मूळ रीत तीच. आपल्या देशात हे यायला २००२ साल उजाडलं. मुंबईत परळला भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून आहे, तिथे देशातला पहिला मेडिकल सायक्लोट्रॉन बसला आणि त्याच वर्षी देशातला पहिला पेट स्कॅन झाला.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला. लिव्हरवर कुठे काही चमकलेलं नव्हतं. घरात जल्लोष! बाबांनी हल्दीरामची संत्रा बर्फी आणली, मोठ्या बाबांनी वणीच्या अर्ध्या गावाला फोन केले. मोठी आई बर्फी खात खात म्हणाली, "मी त आधीच सांगत होती, मले काही झालं नाही."

डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि शांतपणे म्हणाले, "डाग आहेतच. ते साखर खात नाहीत, एवढंच या स्कॅनने सांगितलं. ही एका अर्थाने चांगली बातमी आहे, गाठ संथ आहे. पण ती किती ठिकाणी आहे, हे साखर सांगणार नाही. डोटा करून या."

त्या वाक्याने घर पुन्हा गप्प झालं. मी मात्र हॉस्टेलवर येऊन त्या वाक्याच्याच मागे लागले. साखर सांगणार नाही, मग कोण सांगेल? आणि जो सांगेल, त्याच्यावरच सरळ फ्लोरिन का नाही बसवत? इथून पुढे माझी लायब्ररी सुरू झाली. (लायब्ररीतल्या काकांना माझा चेहरा परीक्षेशिवाय कधी दिसलेला नव्हता, त्यांनी तब्येत विचारली.)

जो सांगेल, तो एक पेप्टाइड आहे. या संथ गाठींच्या पेशींवर सोमॅटोस्टॅटिन नावाच्या हार्मोनसाठी रिसेप्टर असतात, भरपूर. खरं सोमॅटोस्टॅटिन चौदा अमिनो ॲसिडचं, पण रक्तात दोन-तीन मिनिटांत त्याचे तुकडे होतात. म्हणून रसायनशास्त्रज्ञांनी त्याचं आठ अमिनो ॲसिडचं टिकाऊ रूप बनवलं, ऑक्ट्रिओटाइड. त्याच्यासारख्याच एका पेप्टाइडला डोटा नावाचा पिंजरा जोडायचा, पिंजऱ्यात गॅलियम-६८ बसवायचा, झाला डोटा स्कॅन. गॅलियमला सायक्लोट्रॉनच लागतो असं नाही. जर्मेनियम-६८ भरलेला एक छोटा जनरेटर हॉस्पिटलमध्येच ठेवतात. जर्मेनियमची हाफ-लाइफ २७१ दिवस, त्यातून गॅलियम तयार होत राहतो आणि गरजेनुसार तो धुऊन काढायचा. या धंद्यातले लोक त्याला गाय म्हणतात आणि गॅलियम काढण्याला दूध काढणं. एकदा दूध काढलं की पुढच्या धारेसाठी चारेक तास थांबायचं.

अडचण अशी की गाय दर धारेला दूध देते दोन-तीन पेशंटपुरतं. आणि गॅलियम-६८ची हाफ-लाइफ फक्त ६८ मिनिटं. ते मुंबईहून नागपूरला पाठवायचं म्हटलं तर साडेपाच तासांत पाच हाफ-लाइफ होतात, म्हणजे बत्तिसाव्या हिश्शाच्या आसपास उरणार. फ्लोरिन मात्र सायक्लोट्रॉनमधून एका वेळी ढिगाने निघतो आणि साडेपाच तासांनंतरही आठवा हिस्सा शिल्लक असतो. थोडक्यात, ज्या गावात गाय नाही तिथे पाहुणा फ्लोरिनच येऊ शकतो. मग पेप्टाइडवर फ्लोरिन बसवा की!

इथेच खरी मजा आहे, आणि इथेच मला पहिल्यांदा वाटलं की आपण शिकतो ते काहीतरी कामाचं आहे.

फ्लोरिन-१८ जन्माला येतो पाण्यात. ऑक्सिजन-१८ भरलेलं खास पाणी घ्यायचं, त्यावर सायक्लोट्रॉनमधून प्रोटॉनचा मारा करायचा. प्रोटॉन आत जातो, न्यूट्रॉन बाहेर येतो, ऑक्सिजनचा फ्लोरिन होतो. पण तो फ्लोराइड आयन पाण्यात निकामी असतो. सबमिशनच्या आदल्या रात्री ज्याची फाइल पूर्ण असते त्याच्याभोवती जसा अख्खा मजला गोळा होतो, तसे पाण्याचे रेणू त्याला घेरून बसतात. त्याला कामाला लावायचं तर ही गर्दी हटवली पाहिजे. म्हणून तो आधी एका रेझिनच्या छोट्या नळीत अडकवतात, पोटॅशियम कार्बोनेट आणि क्रिप्टोफिक्स नावाच्या पिंजऱ्यासोबत बाहेर काढतात, ॲसिटोनायट्राइल घालून शंभरेक अंशांना नायट्रोजनच्या झोतात कोरडा ठणठणीत करतात. पोटॅशियम क्रिप्टोफिक्सच्या पिंजऱ्यात बंद आणि फ्लोराइड मोकळा, एकटा, चवताळलेला. आता समोर येईल त्या कार्बनवर तो हल्ला करतो.

साखरेचं काम का सोपं, ते आता कळेल. साखरेचे बाकीचे ओएच आधीच झाकून ठेवतात, जिथे फ्लोरिन हवा तिथे सहज सुटणारा गट लावतात, ऐंशी-पंच्याऐंशी अंशांना पाच मिनिटं तापवतात, मग ॲसिड किंवा अल्कलीने झाकणं काढतात. साखर हे सगळं सोसते. ती धडधाकट आहे, खेड्यातल्या म्हातारीसारखी.

पेप्टाइड नाजूक. त्याच्या अंगभर एनएच आणि ओएच. चवताळलेला फ्लोराइड कार्बनकडे जातच नाही, तो वाटेत भेटेल तो हायड्रोजन ओढतो आणि एचएफ होऊन गारठतो. वर ती अल्कली आणि ती उष्णता! ऑक्ट्रिओटाइडमध्ये दोन गंधकांचा एक पूल असतो, तो धोक्यात. अँटिबॉडीसारखं मोठं प्रोटीन असेल तर विचारूच नका. अंडं उकडलं की काय होतं, तेच त्याचं होतं. आणि कोरड्या ॲसिटोनायट्राइलमध्ये यातलं बरंचसं धड विरघळतही नाही. फ्लोरिनला हवं ते सगळं पेप्टाइडला मारक, आणि पेप्टाइडला हवं ते पाणी फ्लोरिनला आळशी करणारं. याला म्हणतात जमवणं कठीण असलेली जोडी.

वर घड्याळ. आपण लॅबमध्ये रिॲक्शन जमत नसेल तर रात्रभर ठेवतो. इथे रात्र परवडत नाही. लेव्हनस्पिलच्या पुस्तकात सिरीज रिॲक्शनचा आलेख आहे ना, मधला पदार्थ आधी वाढतो आणि मग घटतो? इथे अगदी तेच. समजा एक रीत ९० मिनिटांत ८० टक्के यील्ड देते आणि दुसरी २० मिनिटांत ६० टक्के. परीक्षेत आपण पहिली निवडू. पण ९० मिनिटांत फ्लोरिन ५७ टक्केच उरला, म्हणजे हाती आले ४५ टक्के. दुसरीत २० मिनिटांनी ८८ टक्के उरला, हाती ५३ टक्के. अर्धवट पण चपळ रीत जिंकली! हे गणित सोडवल्यावर मी रात्री साडेबाराला रूममेटला उठवून दाखवलं. तिने जे उत्तर दिलं ते या पानांवर छापता येणार नाही.

आणखी एक गोष्ट मला चकित करून गेली. एक क्युरी फ्लोरिन-१८ म्हणजे केवढा? शुद्ध असेल तर एक नॅनोमोलही भरत नाही. डोळ्याला दिसण्याचा प्रश्नच नाही. इतका कमी, की रसायनांत किंवा टेफ्लॉनच्या नळीत साध्या फ्लोराइडचा अंश असेल तरी तोच आधी जाऊन जागा पकडतो. रिॲक्टर डिझाइनचा पेपर आपण टनांत सोडवतो. इथे टनही नाही, ग्रॅमही नाही, आणि हात लावायचा नाही. सगळं शिशाच्या भिंतीआड, यंत्राने. परळच्या केंद्रातल्या संशोधकांनी फ्लोरिन-१८ची दुसरी दोन औषधं, गाठीतली ऑक्सिजनची टंचाई दाखवणारं एफमिसो आणि पेशींची वाढ दाखवणारं एफएलटी, अशाच स्वयंचलित यंत्रावर बनवली आणि शेवटचं शुद्धीकरण किचकट एचपीएलसीऐवजी ॲल्युमिनाच्या एका साध्या कॉलमवर आणून ठेवलं. वाचवलेली प्रत्येक पायरी म्हणजे वाचवलेला फ्लोरिन. ही अस्सल इंजिनिअरची बुद्धी, मला फार आवडली.

नाजूक रेणूंसाठी पहिला उपाय निघाला तो मध्यस्थाचा. आधी एका छोट्या धडधाकट रेणूवर फ्लोरिन बसवायचा, सगळा मार त्याने खायचा, मग त्याला थंड पाण्यात हळूच पेप्टाइडला चिकटवायचं. चालतं, पण तीन-तीन पायऱ्या आणि त्यातच एखादी हाफ-लाइफ खर्ची. २००९ मध्ये अमेरिकेतल्या मॅकब्राइड आणि सहकाऱ्यांनी वेगळाच विचार केला. फ्लोरिनला कार्बनवरच बसवायचा हट्ट कशाला? ॲल्युमिनियम आणि फ्लोरिनचा बंध त्याहून मजबूत आहे आणि तो पाण्यातसुद्धा होतो. मग ॲल्युमिनियमला फ्लोरिन धरू द्यायचं आणि ती जोडगोळी गॅलियमसारखी पेप्टाइडच्या पिंजऱ्यात बसवायची. कोरडं करणं नाही, क्रिप्टोफिक्स नाही, किंचित आम्ल पाणी आणि शंभरेक अंशांना दहा-पंधरा मिनिटं. ऑक्ट्रिओटाइड एवढं सोसतं. बेल्जियममध्ये लूव्हेनला हे ॲल्युमिनियमवालं ऑक्ट्रिओटाइड खऱ्या रुग्णांवर गॅलियमशी ताडून पाहिलं, तर ते तोडीस तोड निघालं, गाठी शोधण्यात सरसच. प्रोटीनला मात्र शंभर अंशही नकोत. त्यासाठी सिलिकॉनवर किंवा बोरॉनवर फ्लोरिन बसवायच्या रीती आहेत, त्यातल्या काही खोलीच्या तापमानाला होतात.

पण माझा जीव जडला तो बॅक्टेरियावर. निसर्गात कार्बनला फ्लोरिन जोडणारे जीव जवळजवळ नाहीतच. मातीतला स्ट्रेप्टोमायसिस कॅटलिया हा अपवाद. (पहिल्या पावसानंतर आपल्या ग्राउंडवरून जो वास येतो ना, तो याच्याच भाऊबंदांचा.) २००२ मध्ये, म्हणजे परळला सायक्लोट्रॉन आला त्याच वर्षी, स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज विद्यापीठात डेव्हिड ओहेगन यांच्या गटाने त्यातलं एन्झाइम ओळखलं, फ्लोरिनेज. हे एन्झाइम फ्लोराइडभोवतीची पाण्याची गर्दी स्वतःच्या खोबणीत एकेक करून बाजूला करतं आणि मग त्याला कार्बनजवळ नेतं. आपण नायट्रोजन, उष्णता, पिंजरा लावून जे जबरदस्तीने करतो, ते हे मऊपणाने करतं, पाण्यात, ३७ अंशांना. नागपूरच्या मे महिन्यात तर खोलीच याहून गरम असते! पुढे याच एन्झाइमने, पेप्टाइड आधीच जोडून ठेवलेल्या रेणूवर अगदी शेवटच्या पायरीला फ्लोरिन-१८ बसवून दाखवला गेला. रोजच्या कामात अजून ॲल्युमिनियमवालीच रीत पुढे आहे, एन्झाइम मागे आहे. मला त्याचं वाईट वाटतं, पण माझ्या वाटण्याने यील्ड वाढत नाही.

मार्चमध्ये आम्ही विदर्भ एक्सप्रेसने मुंबईला गेलो. मोठी आई, मोठे बाबा, मी, आणि दोन डबे भरून भाकरी-ठेचा. स्कॅनच्या आदल्या संध्याकाळी मी मोठ्या बाबांना घेऊन परळला जेरबाई वाडिया रोडवर गेले, रेडिएशन मेडिसिन सेंटरची इमारत बघायला. आत जायचं कारण नव्हतं, बाहेरूनच. शेजारून टॅक्स्या जात होत्या, चहावाला होता, नातेवाईक पायऱ्यांवर बसलेले. मोठ्या बाबांनी विचारलं, "इथं काय हाये?" मी म्हटलं, "इथे पाण्याचा फ्लोरिन करतात." ते बराच वेळ इमारतीकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आन् आपल्या तिकडे कोळसा." वणीच्या माणसाला खाणीपलीकडे काही सुचत नाही!

डोटा स्कॅनला आमचा नंबर दुसऱ्या धारेला आला. पहिल्या धारेचे पेशंट झाले होते, गाय पुन्हा दूध देईपर्यंत दुपार झाली. या वेळी मला भांडावंसं वाटलं नाही, मी मोठ्या बाबांना जनरेटर समजावून सांगत बसले. ते जन्माने शेतकरी, त्यांना गायीची गोष्ट माझ्याआधी कळली.

रिपोर्टमध्ये लिव्हरवरचे सगळे डाग दिव्यासारखे लागले होते. साखरेच्या स्कॅनमध्ये जिथे अंधार होता, अगदी तिथेच. आणि लहान आतड्यात एक बारीकसा ठिपका, मूळ गाठ, जी सीटीतही दिसली नव्हती. बाईचं शरीर तेच, गाठ तीच, यंत्राची जातही तीच. फक्त पाठवलेला रेणू वेगळा. मला तो फोटो बघून आधी भीती वाटायला हवी होती, पण खरं सांगते, आधी हायसं वाटलं. आता निदान कुठे काय आहे ते माहीत होतं.

आतड्याचं ऑपरेशन मेमध्ये झालं. लिव्हरसाठी दर २८ दिवसांनी कमरेत एक जाडजूड इंजेक्शन, आणि ते इंजेक्शन कशाचं? ऑक्ट्रिओटाइडचंच! किरणं नसलेलं, साधं. जो रेणू गाठ शोधायला पाठवला, तोच आता तिला दाबून ठेवायला. मोठ्या आईचं तोंड लाल होणं थांबलंय, पोट बरं आहे, आवाज तर पहिल्यापेक्षा मोठा. मी सुट्टीत घरी गेले की ती मला समोर बसवून विचारते, "मग, तुह्या त्या एन्झाइमचं झालं का काही?" ती एन्झाइम हा शब्द अगदी बरोबर उच्चारते, न्यूरोएंडोक्राइन मात्र अजून नाही.

पुढचा डोटा स्कॅन दिवाळीनंतर आहे. मोठ्या बाबांनी विदर्भ एक्सप्रेसचं रिझर्व्हेशन करून ठेवलंय. लोअर बर्थ एकच मिळाला, त्यावरून त्या दोघांची कुरकुर सुरू आहे.